पत्ता

आवक बारनिशीत रोजच्यासारखा आकडा टाकला,
मग पत्ता वाचला आणि बोरू हवेतच थांबला:
‘ग्रीकांच्या सम्राटास.’

बस, एवढंच.
खाली लाल मेण, मेणावर दाढीवाला कोणी,
भोवती गोल कोरलेलं: रोमनांचा सम्राट.
पत्र आल्प्सपलीकडचं. तिथे म्हणे
उन्हाळ्यातही पहाटे घोड्यांच्या नाकातून वाफ निघते.

दूत बाकावर बसला होता. रातोल्फ नाव.
मोज्यांना ठिगळं, बोटात भलीमोठी अंगठी.
तोंड उघडलं, तर अस्सल लातिन!
आमच्याकडे ती आता
मिरवणुकीतल्या आरोळ्यांपुरती उरलेली,
अर्थ न कळता म्हटलेल्या मंत्रासारखी.

खरं सांगतो, क्षणभर लाज वाटली.
पूर्वजांची भाषा त्याच्या तोंडात,
पूर्वजांचं नाव माझ्या.
कुलूप एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे,
आणि दोघेही शपथेवर सांगणार
की घरात आपणच राहतो.

दुभाष्याला म्हटलं, मावरो, विचार यांना,
वारसनोंदीचा अर्ज आणलात, ठीक आहे.
मृत्यूचा दाखला कुठाय?
माझी आई मासळीचा भाव ग्रीकमध्ये करते,
शिव्याही ग्रीकमध्येच देते,
पण तिला ग्रीक म्हणून बघा,
उलथनं घेऊन अंगावर धावेल.
ग्रीक म्हणजे ते, मूर्तींपुढे बैल कापणारे. ते कधीच गेले.
आम्ही रोमन. म्हातारं अजून जिवंत आहे, साहेब,
वर सज्जात उन्हाला बसलंय,
कमी ऐकू येतं, एवढंच.

मावरोने भाषांतर केलं, नेहमीप्रमाणे अर्धं.
रातोल्फ हसला नाही.
म्हणाला, आमच्या धन्याच्या कपाळाला
पोपच्या हातचं तेल लागलंय,
रोम शहर त्याच्या ताब्यात आहे,
शहर, दगडाधोंड्यांसकट.
तुमच्याकडे काय आहे?

मी खिडकीबाहेर पाहिलं.
बंदरात धान्याची गलबतं,
तटाला गेल्या भूकंपाची चीर,
चिरेत अंजिराचं रोपटं.
‘सवय,’ मी म्हणालो. ‘आमच्याकडे सवय आहे.’
मावरोने त्याचं ‘कायदा’ करून सांगितलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला वेलिमुद.
उत्तरेचा, नदीनदीने उतरत आलेला,
मेणाच्या ढेपा नि काळ्या कोल्ह्यांची कातडी घेऊन
परवान्यासाठी तीन दिवस ताटकळलेला.
यातलं त्याला काही कळत नव्हतं.
पण एकच शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडत होता,
आमच्या तोंडून, त्यांच्या तोंडून, रोम, रोम,
आणि तो ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होता,
जसा दुसऱ्याचा डगला, कोणी बघत नसताना,
आपण खांद्यावर टाकून बघतो.

दिवेलागणीला वरून हुकूम आला. पत्र परत.
जकातवाल्यांनी रातोल्फची पेटी उपसली,
तळाशी जांभळ्या रेशमाचे पाच तुकडे,
कांद्यांच्या पोत्यात गुंडाळलेले.
ठेवून घेतले. तो काही बोलला नाही,
फक्त बोटांनी एकदा कापडाची कड चाचपली.

मी बारनिशीत शेरा मारला:
‘या पत्त्यावर असा कोणी राहत नाही.’
शाई वाळेपर्यंत बघत बसलो,
हे नेमकं कोणाबद्दल लिहिलं.

मग आठवलं, वेलिमुदचा परवाना राहिलाच.
बाकावर तो गाढ झोपला होता,
उशाला कोल्ह्याची कातडी.
म्हटलं, उद्या.