डब्याच्या वळ्या

ट्रुडी गेल्या वर्षी छाटणीच्या दिवसांत आली,
मखमलाबादेत, आमच्या वरच्या खोलीत.
द्राक्षाच्या मुळांवर तिचं काहीतरी संशोधन.
आमच्या बागेचा खुंट तिच्या देशातला, म्हणे;
वर बांधलेला डोळा तेवढा आमचा.
दिवसभर मातीत बसायची, रात्री आमच्यात भाकरी,
ठेच्याला भीत नाही म्हणून सासूबाईंची लाडकी.

पहिल्या वर्षी काही बोलली नाही.
यंदा थंडी पडली तशी म्हणाली,
ताई, येत्या गुरुवारी आमचा सण.
मी म्हटलं, गुरुवारी माझा उपास,
मार्गशीर्षातला पहिला, घट मांडायचाय.
ती म्हणाली, आम्ही त्या दिवशी मोठा पक्षी भाजतो.
दोघी गप्प.
तेवढ्यात दूध उतू गेलं.

सासूबाईंनी निकाल दिला:
पक्षी शुक्रवारी, शेडच्या पलीकडे,
आणि माझ्या भांड्यांत नको.
बाकीचं काय ते होऊ दे.

भद्रकालीतून अर्धा लाल भोपळा आणला.
आम्ही त्याचे घारगे करतो;
हिनं तो शिजवून, फडक्यात बांधून
चक्क्यासारखा रात्रभर टांगला.
गूळ नको म्हणाली,
मग काकवीचं बोट चाटलं आणि डोळे मिटले.
लवंग, दालचिनी, सुंठ माझ्याच डब्यातली.
अंड्याच्या जागी आरारूट, माझ्या गुरुवारासाठी.
लोण्यात मळलेली पारी गोल ओव्हनमध्ये दोनदा करपली.
तुझी आई अशीच करायची का गं, मी विचारलं.

पिठाचे हात वर धरून ती हसत सुटली.
माझी आई डबे उघडायची, म्हणाली.
भोपळ्याचा डबा, घेवड्याचा डबा, रश्शाचं पाकीट.
रात्रपाळी करून यायची,
कोटही न काढता चावी फिरवायची,
आणि वीस मिनिटांत सण टेबलावर.
आख्खा भोपळा मी पहिल्यांदा पाहिला
तो तुमच्या विळीवर.

मग ही तीन दिवस कसली चव शोधतेय?
पत्र्याची?

एक लाल आंबट फळ राहिलं होतं,
दलदलीत पिकणारं. ते नाशकात कुठलं?
हरसूलच्या बाईकडून उन्हाळ्यात घेतलेली करवंदं
माझ्या फ्रीजरमध्ये दगड होऊन पडली होती.
चीक, बिया, साखर, तासभर आच.
रंग वांग्याचा आला.
चाखून म्हणाली, जवळपास.
मग घरभर काहीतरी हुडकत फिरली.
वाटी नको, मोदकाचा साचाही नको.
गच्चीवर तिला सापडला
दिवाळीतला रसगुल्ल्याचा डबा,
मी त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते.
त्याच्या पोटावरून तिनं बोट फिरवलं,
वळ्या मोजल्या,
चिमटे माझ्या ओच्यात रिकामे केले.

गुरुवारी कहाणी वाचून झाली, आरती झाली.
डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडून
ट्रुडीनं तो ताटलीवर उपडा केला.
काहीच नाही.
तिनं बुडावर एक टिचकी मारली.
मग आतून एक ओला, निर्लज्ज आवाज,
आमचा चिन्मय खिदळला,
आणि ताटलीत जांभळा खांब उभा, थरथरत,
अंगावर डब्याच्या वळ्या जशाच्या तशा.

ती फरशीवरच बसली.
बराच वेळ कोणी कोणाकडे बघितलं नाही.
सासूबाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं.
लोकांच्या आयांची सही भाजीत असते, म्हणाल्या,
हिच्या आईची पत्र्यावर.
मग सुरी घेऊन वळीवरून वळी धरून
एक नेमकी चकती कापली
आणि नैवेद्याच्या पानात डावीकडे वाढली,
चटणीच्या जागी.

शुक्रवारी पक्षी म्हणून दोन कोंबड्या भाजल्या.
विरळणीला आलेल्या सुरगाण्याच्या बायांनी
मीठ कमी आहे असं सांगितलं.

माझे चिमटे अजून पिशवीत आहेत.
डबा मी दोनदा मागितला.
धुतेय, म्हणते.