झोपायची उंची

रत्नप्रभानं वहीत चार रकाने आखलेत:
हॉटेल, भाडं, जिन्याच्या पायऱ्या
आणि या सगळ्यांच्या आधी, लाल पेनानं, उंची.

जेल रोडच्या आमच्या गॅलरीत चहा निवत चाललाय.
खालून द्राक्षांच्या क्रेट लादलेला टेंपो
खड्डा चुकवत नाशिकरोडकडे वळतो.
ही लेहला फोन लावून विचारते,
"भैया, तुमच्या पहिल्या मजल्याला पायऱ्या किती?"
पलीकडचा स्तान्झिन गोंधळतो,
बहुधा मोजायला बाहेर जातो,
परत येऊन म्हणतो, "अठरा, मॅडम."
ही लिहिते अठरा, आणि लगेच खोडते.
"तळमजला बघा.
आणि सिलिंडर भरलेला आहे ना, की नुसता कोपऱ्यात उभा?"

प्रेसमध्ये हिनं एकतीस वर्षं नोटा मोजल्या.
अंगठ्याला अजून सवय आहे,
पेपरची पानंसुद्धा कोपरे उचलून मोजते,
पुरवणी कमी निघाली तर पोराला हाक मारते.

मला खिडकी हवी होती, खरं सांगायचं तर.
सहा वर्षांपूर्वीही मलाच हवी होती.
दरवर्षी ब्रह्मगिरी चढणारा माणूस मी,
रामशेजवर पुतण्यांना मागे टाकून
वर जाऊन त्यांची चेष्टा करणारा.
मनालीहून सकाळी निघालो.
ही म्हणाली, जिस्पाला थांबू, नदीकाठी खोली आहे.
मी म्हणालो, खाली कशाला?
सरचूला तंबू आहेत, चांदण्या डोक्याला लागतील.

चौदा हजार फूट.
आठला डोकं ठणकायला लागलं,
नऊला ओकलो,
आणि मग बुटाची नाडी
कुठल्या हातानं सोडतात तेच आठवेना.
चांदण्या असतील. मी पाहिल्या नाहीत.
तिथून खाली यायलाही आधी बारालाचा चढावा लागतो,
हे मला नंतर, केलाँगच्या दवाखान्यात कळलं.

"दिवसा जा हवं तिथे," आता ती म्हणते,
"पाठ टेकायची ती खाली.
पहिले दोन दिवस कुठेही नाही. पडून राहायचं,
पाणी प्यायचं, आणि डोकं दुखलं तर
लपवायचं नाही."
"आणि पँगाँग?"
"बघून परत."
"काठावर काचेच्या छताची कॉटेजं आहेत म्हणे…"
ती पेन खाली ठेवते.
एवढंच.
मी मुकाट्यानं नुब्राचं पान काढायला जातो.

वही जुनीच, प्रेसच्या कॅन्टीनच्या हिशेबाची.
भलतंच पान उघडतं.
पेन्सिलीचे आकडे, वाकडेतिकडे,
हिचं अक्षर असं कधीच नसतं:
नऊ, अकरा, सात, चौदा,
बारा, बारा, सतरा.
पान संपल्यावर समासात, समास संपल्यावर आडवे.
"हे कुठल्या हॉटेलचं? दर शेकड्यांत आहेत का?"

ती चष्मा काढून पदरानं पुसते,
पुसून झालेला पुन्हा पुसते.
"सरचूचं.
झोपेत तुझा श्वास थांबायचा.
परत सुरू होईपर्यंत मी मोजायचे."

शेवटचा आकडा एकवीस.
त्याच्याखाली दोन रेघा ओढल्यात,
बेरीज केलेली नाही.

मी माझा चहा उचलतो. साय धरलीय.
काहीतरी बोलायला हवं होतं,
तेवढ्यात फोन वाजतो.
"मॅडम, तळमजल्याची एक खोली आहे,
पण खिडकी मागच्या भिंतीवर उघडते."
ती हात फोनवर ठेवून माझ्याकडे बघते.

"भिंत कसली आहे, विचार."

ती विचारते.
तो पुन्हा बाहेर जातो, बराच वेळ लावतो.
"मातीची. वर शेणी वाळत घातल्यात."

"चालेल," म्हणतो मी.
लाल पेन टोपण शोधत टेबलाखाली जातं.