पुलाअलीकडचा दवाखाना

नाँग खायला आमच्या दवाखान्यात
आजारी माणसं क्वचित येतात.
येतात ते परदेशी, इमिग्रेशनच्या वाटेवर,
काखेत पासपोर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत चार फोटो,
आणि दारातूनच विचारतात, किती वेळ?
सात मिनिटं, मी सांगते. शंभर बात.
वजन, उंची, रक्तदाब मी घेते.
मग डॉक्टर विचियन मान वर न करता विचारतात:
कुष्ठरोग? नाही.
क्षय? नाही.
अंमली पदार्थ? नाही, नाही.
दारूचं व्यसन?
इथे सगळेच जरा अडखळतात.
डॉक्टर अडखळत नाहीत.
शिक्का.

यूप आठ वर्षं आला, दर फेब्रुवारीत.
रॉटरडॅमच्या बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला,
खुर्चीत बसला की खुर्ची बोलायची.
हत्तीपाय? असं विचारताच
तो विजार गुडघ्यापर्यंत दुमडायचा,
म्हणायचा, मॅडम, बघून घ्या, मग लिहा.
पांढऱ्या पोटऱ्या, त्यावर डासांचे डाग.
मी दर वर्षी बघितलं आणि दर वर्षी हसले.

आमच्या शिक्क्यातलं साल
त्यांच्या सालापेक्षा पाचशे त्रेचाळीस वर्षं पुढचं.
तो बोटांवर वजाबाकी करायचा,
चुकायचा,
म्हणायचा, तुमच्या हिशेबाने मी कधीच गेलोय,
मग हा व्हिसा नेमका कुणाचा वाढवताय?

या फेब्रुवारीत, सोमवारी,
मोटारसायकलच्या लायसन्ससाठी
डॉक्टरांनी लिहून दिलं: प्रकृती उत्तम, वाहन चालवण्यास योग्य.
गुरुवारी बुआलाई एकटीच आली.
मासळी बाजारातून थेट; कोपराला खवले चिकटलेले.
म्हणाली, लिहा, हा माणूस हलू शकत नाही.
डॉक्टरांनी तेही लिहिलं.
तोच पेन.

खिडकीतल्या साहेबांनी दोन्ही कागद
शेजारी शेजारी ठेवले.
सोमवारी धडधाकट आणि गुरुवारी असा?
बुआलाई म्हणाली, सोमवारी तो सोमवारचा होता.
साहेब म्हणाले, सरकारी इस्पितळाचा कागद आणा.
इस्पितळ म्हणालं, आधी विम्याचा आणा.
विमा म्हणाला, सत्तरीनंतर आमचा संबंध संपला.
वकिलात बँकॉकला, रात्रभराच्या गाडीवर,
आणि वकिलातीचा फोन
डच भाषेत बराच वेळ संगीत वाजवत राहिला.
म्हणजे, संगीताला भाषा नसते म्हणतात,
पण ती म्हणाली, डचच होतं.

मुदत चौदा तारखेची.
त्यापुढे रोज पाचशे बात दंड.
ती रोज संध्याकाळी येऊन माझ्या कॅलेंडरसमोर उभी राहायची,
बोटांना अजून मासळीचा वास,
दिवस नव्हे, पाचशेच्या नोटा मोजत.
समोर नदी. पलीकडे लाओस.
पूर्वी यूप पूल ओलांडून जायचा,
तिकडे एक कॉफी घ्यायचा,
शिक्का घेऊन जेवायला परत.
आता त्याला कुशीवर वळवायलाही दोघं लागायची.

बारा तारखेला पहाटे तो गेला.

खिडकीतल्या मुलीने पासपोर्ट चाळला,
बराच वेळ तारखा बघितल्या,
आणि अगदी चांगल्या मनाने म्हणाली,
दोन दिवस शिल्लक आहेत. दंड नाही.

दुपारी बुआलाई आमच्याकडे आली.
मला वाटलं, मृत्यूचा दाखला हवा असेल,
पण तो इस्पितळाने दिला होता.
तिला सोमवारचा हवा होता.
प्रकृती उत्तम, तोच. मूळ प्रत साहेबांनी ठेवून घेतली.
उद्या जाळण्याआधी त्याच्या खिशात ठेवते, म्हणाली,
तिकडे कुणी अडवलं तर.

डॉक्टरांनी नवा कागद घेतला.
उंची मला पाठ होती.
वजन मी जुनंच लिहिलं.
हत्तीपाय, मी विचारलं नाही, नाही लिहिलं.
डॉक्टर तारखेपाशी थांबले,
पहिल्यांदाच.
मग सोमवार टाकला.

तिने शंभरची नोट टेबलावर ठेवली.
डॉक्टरांनी परत सरकवली.
तिने पुन्हा पुढे केली, म्हणाली,
घ्या, आणि पावती द्या.
पावतीशिवाय कुठेच चालत नाही.