बसण्याची उंची

आमचं ऑफिस म्हापशात, सोड्याच्या कारखान्यावर.
तीन टेबलं, आणि एक प्रिंटर, तो मन मानेल तेव्हा चालतो.
फ्लाविया मुख्य. रघुवीरकडे हिशेब.
मी आरेखक; बावीस वर्षं
दुसऱ्यांच्या पायऱ्या मोजत आलोय.

कुणी जागा घेऊन आलं
की फ्लाविया कागद काढत नाही, स्टूल काढते,
घडीचं, निळ्या कापडाचं,
आणि त्या रिकाम्या जागेत जाऊन बसते
सकाळच्या पोदेराच्या भोंग्यापासून दिवेलागणीपर्यंत.
वहीत लिहिते:
साडेनऊ. दोन मुली. दप्तरं. वाट सोडून गवतातून गेल्या.
एक. कुत्रं. फणसाच्या सावलीबरोबर सरकतंय.
चार. म्हातारा. थांबला, बसायला बघितलं. गेला.

रघुवीर विचारतो,
या ‘गेला’चे किती लावू बिलात?

बसस्टँडमागची इमारत मांद्रेकरांची.
खाली दुकानं, मध्ये दवाखाने, वर बिऱ्हाडं.
त्यांना अकरा शटर हवी होती. आम्ही दहा काढली.
अकराव्याच्या जागी भिंत नाही, काही नाही,
चिऱ्याचा एक कट्टा, सोळा इंच उंच.
‘सोळाच का? आणि मुळात का?’
फ्लावियानं खालून सोड्याचे क्रेट मागवले.
एक ठेवला. बसा.
मांद्रेकरांचे गुडघे हनुवटीला.
एकावर एक तीन. बसा.
पाय लोंबकळले, पहिलीतल्या पोरासारखे.
मग दोन.
बसले, आणि उठायचं विसरले.
आईच्या सांधेदुखीबद्दल बोलत राहिले,
दवाखान्याच्या दारात ती कशी उभी असायची,
भिंतीला एक हात लावून.
जाताना म्हणाले, दहा तर दहा.
रघुवीरनं एका दुकानाचं भाडं गुणिले तीस वर्षं
असा आकडा काढला
आणि कुणाला न दाखवता खोडला.

नारळ फुटला, पाद्रीनंही पाणी शिंपडलं.
कट्टा नवा, गुळगुळीत, चकचकीत.
पहिल्या शुक्रवारी तिथं कुणी बसलं नाही.
दुसऱ्या शुक्रवारी एकानं हेल्मेट ठेवलं.
तिसऱ्या शुक्रवारी आम्ही तिघंच बसलो,
लाज वाटू नये म्हणून भजी घेऊन.

सगळी माणसं पलीकडं, पंपघराच्या पायरीवर.
दवाखान्याची पाकिटं घेतलेली, पिशव्यावाली,
आणि मधोमध एस्परांस,
समोर बिंबलांची टोपली, बाजूला सोलांचे वाटे.
पायरी अरुंद, वर पाइप गळतो, उन्हाला आडोसा नाही.

फ्लावियानं जाऊन विचारलं.
एस्परांसनं टोपलीवरून नजर न काढता सांगितलं,
‘थंयसून बस दिसना गो बाय.’

बस.
शिवोलीची बस.
वळणावरून तिचं नाक दिसलं
की टोपली डोक्यावर घ्यायला पुरेल एवढाच वेळ असतो.
फ्लाविया मोकळ्या जागेत बसली होती तेव्हा वळण दिसायचं,
तिच्या वहीत मुली होत्या, कुत्रं होतं, म्हातारा होता.
तेव्हा खांब नव्हता.
खांब नंतर आला, बारा बाय अठरा, अगदी कट्ट्यासमोर.
तो मी काढलेला.
सोप्या रेषेत येतो म्हणून काढलेला.

ऑफिसात त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही.
खाली बाटल्या खळखळत राहिल्या.
संध्याकाळी फ्लावियानं वही उघडली
आणि पहिल्याच पानावर, सगळ्याच्या वर लिहिलं:
कशाकडे बघतायत?
मग मला म्हणाली, जा, ती पायरी मोजून ये.

नऊ इंच.
सोळा नाही. चौदासुद्धा नाही.
नऊ, कारण टोपली हाताशी लागते,
वाकावं लागत नाही, गिऱ्हाईकच वाकतं.
हे कुठल्याही तक्त्यात नाही.
मी दोनदा मोजलं, पेन्सिल तोंडात धरून,
टेप ताणून पायरीच्या कडेशी उकिडवा बसलो,
आणि रुंदी घेणार एवढ्यात
पाठीत तिचं बोट टोचलं:

‘मातसो कुशीक सर.
बस दिसना.’