निघण्याआधीचा वेळ

सोहारच्या बंदरामागे, जिथं वाळूलाही डिझेलचा वास,
आमचं एक तीन मजली लोखंडी घर आहे.
पहाटे साडेपाचला आम्ही ते पेटवतो,
आठाच्या आत विझवतो.
नंतर उन्हाला विझवणारं कोणी नसतं.

घरात राहतो एकटा बाहुला. सत्तर किलो,
कापडाचा, पोटात वाळू. पोरं त्याला 'मुदीर' म्हणतात, साहेब.
बावीस वर्षं मी साहेबाला खांद्यावरून उतरवतोय.
पाल्प्याचा खड्गबहादूर, कोल्लमचा बिजॉय, इथलाच सुलैम,
सगळ्यांना एकच धडा :
गुडघ्यावर ये, भिंत सोडू नको,
दाराला आधी हाताची पाठ लाव, तळवा नाही.
तळव्यानं अजून जेवायचंय.

यंदा कंपनीला कागद हवा झाला.
म्हणून त्रेपन्नाव्या वर्षी मी संध्याकाळच्या वर्गात,
पहिल्या बाकावर, चष्मा शर्टाला पुसत.

शिकवायला शम्सा अल बलुशी. वय सत्तावीस असेल.
बर्फाच्या देशातून आगीचं इंजिनिअरिंग शिकून आलेली
(याचंच आधी मला हसू आलं होतं).
तिनं विचारलं, "तिसऱ्या मजल्यावरची चाळीस माणसं
किती वेळात खाली येतील, उस्ताद?"
म्हटलं, मी असेन तर दोन मिनिटांत.
ती हसली नाही.
"तुम्ही नसाल तर?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग फळ्यावर बेरीज आली :
आग कळायला लागणारा वेळ,
निघायचं ठरायला लागणारा वेळ,
चालायला लागणारा वेळ.
"मधल्या वेळाला पुस्तक एक मिनिट देतं," ती म्हणाली,
आणि माझा हात आपोआप वर गेला,
शाळेत कधी गेला नव्हता तसा.

मी म्हणालो, बाई, आमच्या कॅम्पात खोली नंबर चौदा.
बारा खाटा. सुके बोंबील तळले तरी बोंबलणारी घंटा.
त्या रात्री ती वाजली तेव्हा सगळे हसले,
कोण रे तळतोय एवढ्या रात्री.
रोह्याचा दिगंबर म्हसकर कूस बदलून झोपला.
मग धूर. मग लुंगी सोडून पँट.
मग रात्रपाळीहून आलेल्याला हलवून उठवणं, तो शिव्या देतो,
मग खाटेखालची पत्र्याची ट्रंक.
पासपोर्ट नव्हता तिच्यात, तो कंपनीच्या कपाटात.
काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

एवढ्या वर्षांत मी ते मोजलं नव्हतं.
डोळे मिटले. पुन्हा कूस बदलली, पँट चढवली,
ट्रंकेची कडी ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली.
तिनं घड्याळ लावलं होतं.
चार मिनिटं, दहा सेकंद.

तिनं एक मिनिट पुसलं.
खडूनं २५० लिहिलं. नाव नाही लिहिलं, बेरजेत नाव बसत नाही.
बराच वेळ फळ्याकडेच तोंड करून म्हणाली,
"जिना कितीही रुंद करा, हे कमी होणार नाही.
चूल वेगळी काढा. दार एवढा वेळ टिकेल असं द्या.
आणि घंटेला खरं बोलायला शिकवा."

परीक्षेत मी दोन मार्कांनी राहिलो.
लघुगणक. ऑक्टोबरात पुन्हा बसणार आहे.

पण हल्ली पेटवण्याआधी
मी त्या लोखंडी घरात एक ट्रंक नेऊन ठेवतो,
साहेबापासून चार पावलांवर, कडी मुद्दाम गंजलेली.
सुलैम विचारतो, उस्ताद, हिला पण बाहेर काढायचं का?
मी म्हणतो, नाही.
फक्त हिच्यापाशी किती वेळ गेला, तो मला येऊन सांग.