तिसरी किल्ली

टाम्पेरेत, इमारतीच्या तळघरात, धुलाईखोलीबाहेर
तीन खिळे, तीन किल्ल्या. आत यंत्रं तीनच.
बिऱ्हाडं एकोणीस.

नियम आउलिक्कीनंच लिहिला होता, पेन्सिलीनं:
किल्ली असेल तर घ्या. नसेल तर बाकावर बसा.
काम झालं की परत टांगा.
ऑफिसातही ती हेच लिहिते,
तिथं बिऱ्हाडांना थ्रेड म्हणतात
आणि खिळ्यांना सेमाफोर.
घेतली की एक वजा, ठेवली की एक अधिक.
शून्यावर जो येईल त्यानं निजावं,
कुणीतरी उठवेल.

फेब्रुवारीत हिशेब जुळेना.
तिसरं यंत्र बंद, किल्ली गायब,
बाकावर हॉकीच्या ओल्या मोज्यांचा ढीग मांडीवर घेऊन
सातवीतला आर्त्तू.
कुणी कुणाला विचारलं नाही. इथं विचारत नाहीत.

त्याच आठवड्यात तिचा सर्व्हर गोठला.
रात्री दोनला सापडलं:
एक थ्रेड मधेच मेला होता.
परत करायची ओळ त्याच्या दोन ओळी खाली होती,
तिथवर तो पोचलाच नाही.
तिनं ती ओळ उचलून
'काहीही झालं तरी' या कप्प्यात ठेवली.
आणि मग हात कीबोर्डवर तसेच राहिले.

चौथा मजला. वेइक्कोचं दार
त्याच्या बहिणीनं उघडलं, केमीहून आलेली,
खोक्यांत गुंतलेली.
खुंटीवर कोट. डाव्या खिशात किल्ली.

यंत्रात दोन शर्ट निघाले,
पिळाच्या आकारातच वाळलेले.
बहिणीनं ते घडी न करता छातीशी धरले.

खिळ्यावर किल्ली वाजली.
आर्त्तू उठला.