टेबल क्रमांक चार

मे महिन्याचा दुसरा शनिवार. पाच वाजून गेले
तरी लोखंडी खुर्चीला हात लाववत नाही.
दत्तवाडीत शाळेच्या मैदानावर उन्हाळी मेळा:
लंगडीचे सामने, पोरांच्या पोटऱ्यांपर्यंत चुन्याची फक्की,
दहा रुपयांना पन्हं, वेलची जरा जास्तच पडलेली,
आणि स्पीकरवरून पुन्हा पुन्हा कुणीतरी सांगतंय
की निळ्या फ्रॉकमधली मुलगी सापडली आहे,
आईनं स्टेजपाशी यावं.

आमचं टेबल चौथं. फलक मीच रंगवला:
आरोग्य कार्ड नूतनीकरण.
'नू' ऱ्हस्व की दीर्घ, यावरून दोन गृहस्थ
पाच मिनिटं वाद घालून गेले.
कार्ड दोघांकडेही नव्हतं.

मी प्रयोगशाळेत होतो. तेवीस वर्षं
रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवली.
एकही बाटली कधी अदलाबदल झाली नाही,
एवढाच काय तो माझा पराक्रम.
यंदा एप्रिलात नवी यादी लागली
आणि वस्तीतली एकशे बारा नावं तीत नव्हती.
"काढली नाहीत हो कुणी," साहेब म्हणाले, "आपोआप गेली."
मोहोर गळावा तशी.
वाऱ्यावर बोट दाखवलं की माणूस मोकळा.

हौसाबाई कुचेकर दुपारपासून रांगेत.
सोबत प्रल्हाद, दंडाला पट्टी,
आठवड्यातून दोनदा डायलिसिस,
पुढची तारीख बुधवार.
यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवला. लाल.
"डावा द्या, मावशी," इरफान म्हणाला. डावाही लाल.
गोळेवाल्याकडून बर्फाचा खडा आणला,
गार पडला की रेषा उठतात म्हणे.
नाही उठल्या.
"अर्ध्या राखेनं नेल्या," ती म्हणाली,
"उरल्या त्या हिरव्या साबणानं.
चार घरची भांडी, बाबा, चाळीस वर्षं.
ज्योतिषाला हात दाखवला तर तोच मला दक्षिणा देईल."
रांग हसली. इरफान हसला नाही,
त्यानं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

पलीकडच्या टेबलावर पोरं अंगठ्यांचे पक्षी करत होती.
ठसा उमटवायचा, चोच काढायची, दोन काड्यांचे पाय.
मुबीनानं, वय वर्षं सात, मान वर न करता विचारलं,
"आजी, तुमचा झाला का? मग इथं द्या."
पिवळ्या रंगात बुडवून हौसाबाईनं अंगठा टेकवला.
बाकीच्या पक्ष्यांच्या अंगावर रेघारेघांची पिसं.
हा गोल, गुळगुळीत, नुसता पिवळा.
मी काहीतरी बोलणार होतो, समजुतीचं.
मुबीना म्हणाली, "हा आत्ताच अंड्यातून आलाय,"
आणि त्याला सगळ्यात मोठी चोच काढली.

सोमवारी अकराला वॉर्ड ऑफिसात निवेदन द्यायचंय,
एकशे बारा नावं, माझ्या अक्षरात,
प्रत्येकापुढे सहीला जागा सोडलेली.
पहिल्या ओळीवर तिनं तोच अंगठा दाबला, रंग न पुसता.
"निळी शाई लागते, काका," इरफान कुजबुजला.
लागत असेल.
पण कागद तिला ओळख विचारत नव्हता,
आणि ती तर समोरच उभी होती,
पिवळं बोट हवेत धरून, कुठं पुसावं या विचारात.

होईल का काम, मला माहीत नाही.
खोटं कशाला सांगू, फाइल परत येण्याचा
आमचा अनुभव दांडगा आहे.
मग पुन्हा जाऊ. मैदान तीन आठवडे आपलंच आहे,
टेबलाचं भाडं भरलंय.

पर्वतीमागे ऊन उतरलं.
लंगडीची अंतिम फेरी लागली तशी हौसाबाई
घरी जायचं विसरून दोरीपाशी जाऊन ओरडायला लागली,
कुठल्या संघाला, ते तिलाही ठाऊक नसावं.
मी प्रल्हादपुढे पन्ह्याचा पेला केला.
त्यानं मान हलवली. पाण्याचं माप आहे त्याला,
उन्हाळ्यातसुद्धा, घोट मोजून.
मग थोडा हिशेब करून म्हणाला,
"तो अंगठ्याचा बर्फ उरलाय का हो?
आजचे दोन घोट बाकी आहेत."
वाटीत सुपारीएवढा उरला होता.
त्यानं जिभेवर ठेवला
आणि डोळे मिटून, अजिबात घाई न करता,
मैदानातला गोंगाट ऐकत बसला.